नकार तरी लिहून द्या!

वार्षिकांकासाठी काहीतरी लिही, असे मराठीच्या सरांनी सांगितले तेव्हा माझ्या मनात एक कविता होती. पावसावरची. पण त्याच आठवड्यात वडिलांबरोबर कचेरीत एक खेप झाली आणि कविता तिथल्या बाकावरच राहून गेली. तेव्हा बंदुकीवर लिहितो आहे. वसतिगृहातले मित्र हसले. "तू? आणि बंदूक?" असे एकाने विचारलेही. मित्रहो, बंदूक हा ह्या लेखाचा अर्धाच विषय आहे. उरलेला अर्धा विषय आहे फाईल.

आमचे गाव डोंगराच्या कडेचे. तालुक्याचे नाव मुद्दाम घालत नाही. एका साहेबावर किंवा एका कारकुनावर राग काढावा म्हणून मी लेखणी उचललेली नाही; आणि ह्या महाविद्यालयात शिकणाऱ्या कोणत्याही तालुक्यातल्या मुलाने आपल्या कचेरीचे नाव तिथे घालून वाचले तरी फारसे काही बदलणार नाही. जमीन सव्वातीन एकर. खरिपाला बाजरी आणि भुईमूग, विहिरीने साथ दिली तर मका नि थोडा कांदा. आणि रानडुकरे! ज्यांनी पाहिले नसेल त्यांना सांगतो, रात्रीतून कळप शिरला की सकाळी भुईमुगाचा तुकडा नांगर फिरवल्यासारखा दिसतो. खातात थोडे, उकरतात फार. आईच्या जुन्या साड्या आम्ही शेताभोवती बांधतो. पत्र्याचा डबा बडवतो, गोफण आहे, फटाके आहेत. चार दिवस डुकरे साड्यांना भितात. पाचव्या रात्री त्याच साडीखालून आत येतात.

आजोबांकडे एकनळी ठासणीची बंदूक होती. शेतीच्या रक्षणासाठी म्हणून रीतसर परवान्याची. त्या बंदुकीत दारू ठासायची, वर टोपी बसवायची, एवढे होईपर्यंत डुक्कर शेजारच्या गावची हद्द ओलांडून गेलेले असे! माझ्या आठवणीत त्या बंदुकीने एक जनावर मेले नाही. आजोबांना ते नकोही होते. रानडुक्कर मारायचे तर वनखात्याची परवानगी लागते, हे त्यांना ठाऊक होते. आवाज हेच तिचे काम. हंगामात दोन-तीन वेळा डोंगराकडे तोंड करून बार काढायचा, की आठ-पंधरा दिवस कळप फिरकत नसे. परवान्याचे नूतनीकरण आले की आजोबा धोतर बदलून, डोक्याला फेटा बांधून एस.टी.ने तालुक्याला जात. घरातले एकुलते एक सरकारी मान्यतेचे काम ते, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

२०२३ च्या दिवाळीनंतर आजोबा गेले. परवाना त्यांच्या नावाचा, तो त्यांच्याबरोबरच संपला. तेराव्याच्या आत वडिलांनी बंदूक ठाण्यात नेऊन जमा केली. कायदा तसाच आहे. शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे बाळगण्याचा हक्क संपलेले शस्त्र जमा करावेच लागते. पावती मिळाली. ती आमच्या घरात प्लॅस्टिकच्या पिशवीत, माझ्या दहावी-बारावीच्या गुणपत्रकांना लागून ठेवलेली आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये वडिलांनी वारस म्हणून परवान्याचा अर्ज केला. अर्ज भरला मी. तेव्हा मी बारावीला होतो. परीक्षा तोंडावर आलेली, तरी दोन दिवस त्यात घातले. संगणकावर अर्ज, मोबाईलवर येणारा आकडा, मग त्याच्या छापील प्रती, सातबारा, मृत्यूचा दाखला, चुलत्यांची संमती, बंदूक सुरक्षित ठेवण्याची हमी, डॉक्टरांचा दाखला... आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिला. वडील चौथीपर्यंत शिकले. "आता कचेरीत आपल्याला कुणी फिरवायचं नाही, पोरगं शिकलंय," असे ते पारावर सांगून आले होते. हे वाक्य मला तेव्हा फार आवडले होते. आता आठवले की मान खाली जाते.

अर्ज केल्यानंतर मी कायदा वाचायला घेतला. आधी वाचायला हवा होता, हे कबूल. वाचून थक्क झालो! १९५९ चा शस्त्र अधिनियम शेतकऱ्याच्या बाजूने लिहिलेला आहे. कलम १३ मध्ये, पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाला परवाना द्यावा असा सर्वसाधारण नियम केला आहे. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर मागणाऱ्याला मात्र सबळ कारण आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटवावी लागते. पुढे कलम १४ सांगते की, अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. हे वाक्य मी दोनदा वाचले. कारण पहिल्याच खेपेला आम्हाला विचारलेला प्रश्न होता, "जमीन किती? सव्वातीन एकराला बंदूक कशाला लागते?"

१८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत इंग्रजांनी शस्त्रांचा कायदा केला तेव्हा गोऱ्यांना त्यातून सूट होती आणि आपल्या माणसाला परवाना काढावा लागत होता. रयतेच्या हाती काय असावे हे साहेबाच्या विश्वासावर अवलंबून होते. स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये तो कायदा मोडीत काढून नवा केला, त्यात नागरिक हा शब्द आला. पुस्तकात तरी साहेबाचा विश्वास गेला आणि नागरिकाचा अर्ज आला. बाकावर बसलेल्या माणसाला हा फरक कळायला किती वर्षे लागावीत?

आता मुदतीचे बघा. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे पोलीस ठाण्याने आपला अहवाल तीस दिवसांत द्यायचा असतो. अहवाल आल्यावर साठ दिवसांत परवाना द्यायचा किंवा नाकारायचा असतो. अहवाल वेळेत आलाच नाही, तर त्याची वाट न पाहता निर्णय करण्याची मोकळीक खुद्द अधिनियमातच ठेवली आहे. म्हणजे तीन महिन्यांचा मामला. फेब्रुवारीत दिलेल्या अर्जाचा निकाल पेरणीपूर्वी यायला हवा होता. असा हिशेब मी वहीवर मांडून वडिलांना दाखवला, आणि वडिलांनी तो खरा मानला.

मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली. "निवडणूक झाल्यावर या." १३ मे रोजी नगरचे मतदान झाले, जूनमध्ये निकाल लागला. जुलैत गेलो तर ज्या हवालदारांकडे चौकशी होती त्यांची बदली झालेली. नव्यांनी कागद नव्याने मागितले. मग वनखात्याचा अभिप्राय निघाला. ह्यात तथ्य नाही असे नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्रपरवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. आपल्या जिल्ह्यात कळसूबाई-हरिश्चंद्रगड आहे, कर्जतकडे रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य आहे, माळढोकाचे क्षेत्र आहे, जायकवाडीच्या फुगवट्याचे पक्षी अभयारण्य आहे. तेव्हा हा प्रश्न विचारणे रास्तच. पण आमचे गाव त्या दहा किलोमीटरांत येते की नाही, हे नकाशावर पट्टी ठेवून दहा मिनिटांत सांगता येण्यासारखे. त्याला चार महिने लागले, आणि उत्तर काय आले हे आम्हाला आजही कोणी सांगितलेले नाही.

ऑक्टोबरात पुन्हा आचारसंहिता, ह्या वेळी विधानसभेची. त्याच महिन्यात जिल्ह्याचे नाव अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. एका जिल्ह्याचे नाव बदलण्याएवढे मोठे काम ह्या काळात उरकले, आमच्या फाईलवरचा एक शेरा मात्र उरकला नाही! उलट, अर्जावर जुने नाव आहे, ते चालेल का, अशी शंका एका टेबलाला आली. २०२५ च्या अखेरीस नगरपालिकांच्या निवडणुका आल्या, पुन्हा तेच उत्तर. कोकणात सिंधुदुर्गाकडे शेतीसंरक्षणाच्या बंदुका पुष्कळ. तिथली तक्रार निराळी आहे. निवडणूक आली की बंदुका जमा करून घेतात, आणि माकडे नि डुकरे काही आचारसंहिता पाळत नाहीत! आमची तर आधीपासूनच जमा आहे.

खेपांची संख्या सांगत नाही. पण एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. टेबलापलीकडचा माणूस वडिलांहून वयाने दहा वर्षांनी तरी लहान असेल. तो वडिलांना म्हणतो, "ए बाबा, तुला सांगितलं ना, पुढच्या आठवड्यात ये." मग माझ्याकडे वळून म्हणतो, "तुम्ही काय करता? कॉलेज का? बसा." एका बाकावरची दोन माणसे, बाप आणि मुलगा, बापाला अरे-तुरे आणि मुलाला अहो-जाहो. पहिल्यांदा मला बरे वाटले होते, हे लिहिताना लाज वाटते. आता मी त्या खुर्चीत बसत नाही, उभाच राहतो. त्याने फाईल पुढे सरकत नाही, हेही खरे.

मी माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकला. उत्तर आले, "प्रकरण कार्यवाहीत आहे." चार शब्द नाहीत, तीनच. हा कायदा देशात २००५ साली आला, पण त्याआधी महाराष्ट्रात तो आला, आणि त्यासाठी उपोषणे कोणी केली हे आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना सांगायला नको. राळेगणसिद्धी आपल्याच पारनेर तालुक्यात आहे. अण्णा हजारे ह्यांच्या त्याच चळवळीतून दुसराही एक कायदा झाला, बदल्यांचा आणि दफ्तर दिरंगाईचा. त्यात म्हटले आहे की, कोणत्याही सरकारी कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे कामाच्या सात दिवसांपेक्षा अधिक काळ फाईल पडून राहू नये. सात दिवस! ज्या जिल्ह्याने हे राज्याला मिळवून दिले, त्याच जिल्ह्यातला माणूस बाकावर बसून आहे. मी हे वडिलांना समजावून सांगितले तेव्हा ते म्हणाले, "आरं, कायदा त्यांनला म्हाईत नसंल व्हय?"

ह्या सगळ्यात मला सर्वांत अधिक टोचते ती गोष्ट आता सांगतो. कलम २१ मध्ये पुढे असेही आहे की, जमा केलेले शस्त्र नियमात ठरवलेल्या मुदतीत परत घेतले नाही किंवा त्याची विल्हेवाट लावली नाही, तर ते सरकारजमा करता येते. म्हणजे मुदत दोन्ही बाजूंना आहे. आमची मुदत संपली की आजोबांची बंदूक जाते. त्यांची मुदत संपली की काहीच होत नाही. पुढचा सोमवार येतो.

आमच्या वसतिगृहातला एक मित्र शहरातला आहे. तो म्हणाला, "बरंच आहे की! बंदुका जितक्या कमी तितकं चांगलं. तुम्हाला बंदूक दिली आणि उद्या भांडणात वापरली तर?" हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात ९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख ह्यांची हत्या झाली. त्यानंतर त्या जिल्ह्यात वाटलेल्या शस्त्रपरवान्यांची चर्चा राज्यभर झाली. हजाराहून अधिक परवाने होते. छाननी होऊन त्यांतले शंभराहून अधिक रद्द करावे लागले. म्हणजे परवाना मिळत नाही असे नाही. ज्याच्या कमरेला पिस्तूल शोभून दिसते, ज्याच्या गाडीमागे चार गाड्या असतात, त्याची सबळ कारणे पटकन पटतात. कायद्याने ज्याला आधी द्यायला सांगितले तो बाकावर, आणि ज्याची कसून तपासणी करायला सांगितली तो मोकळा. मित्राची भीती खरी आहे, पण आमची फाईल अडवून ती दूर होत नाही.

आणि आता आमच्या घरचे. आमच्या भावकीत बांधाचा वाद आहे. २०१९ साली शब्दाने शब्द वाढून एक अदखलपात्र नोंदही झालेली आहे, त्यात वडिलांचे नाव आहे. वडील तापट आहेत. आई सुरुवातीपासून म्हणते, "ते लोखंड घरात नको." म्हणजे एखाद्या विचारी अधिकाऱ्याने हे सारे पाहून, ह्या माणसाला परवाना देऊ नये असे ठरवले, तर तो चुकलाच असे मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. कदाचित मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच केले असते. पण मग तसे लिहा ना! कायद्यात नकाराची तरतूद आहे, नकाराची कारणे लेखी नोंदवायची आहेत, आणि सार्वजनिक हिताला बाधा नसेल तर अर्जदाराने मागितल्यावर ती द्यायची आहेत. नकार मिळाला तर कलम १८ प्रमाणे अपील करता येते, आम्ही नाशिकला विभागीय आयुक्तांकडे गेलो असतो. हरलो असतो तर बंदूक परवानाधारक व्यापाऱ्याला विकून टाकली असती आणि कुंपणाला पैसे लावले असते. पण "कार्यवाहीत आहे" ह्यावर अपील कुठे करायचे? नकार हा निर्णय आहे, त्याखाली कोणाची तरी सही असते. उशीर हाही निर्णयच आहे, फक्त त्याखाली सही नसते. आमच्या राज्यशास्त्राच्या सरांशी ह्यावर बोललो. ते म्हणाले, अधिकारी घाबरतात. दिलेल्या परवान्याने काही घडले तर सही शोधतात, न दिलेल्या परवान्याबद्दल कोणी विचारत नाही. सरांचे म्हणणे पटले. पण घाबरण्याचा पगार एकाला आणि भुर्दंड दुसऱ्याला, हे पटले नाही.

गावात आणखी एक गैरसमज आहे, तोही सांगायला हवा, कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी तो असेल. बंदूक मिळाली की बिबट्याची भीती गेली, असे लोक म्हणतात. उसाच्या पट्ट्यात बिबट्याने काय चालवले आहे हे सर्वांना माहीत आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेडला माणसे गेली आणि शेवटी वनखात्याने नेमबाज आणून बिबट्या मारला. पण बिबट्या १९७२ च्या अधिनियमातल्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे त्याला मारण्याचा परवाना नव्हे. जिवावर बेतले आणि स्वसंरक्षणात काही घडले तर कायदा समजून घेतो, ही गोष्ट वेगळी. तेव्हा वडील रात्रपाळीच्या विजेवर पाणी भरायला जातात तेव्हा बंदूक असती तरी माझी आई जागीच राहिली असती, हे मला कळते. मी तिच्या नावाने बंदुकीची भलामण करणार नाही.

गेल्या खरिपात वडिलांनी भुईमूग पेरलाच नाही. "कुणासाठी पेरू, डुकरांसाठी?" असे म्हणाले. त्या तुकड्यात कडवळ केले. भुईमुगाच्या पैशांतून माझी परीक्षा फी जायची. ह्या वर्षी ती एका शेळीतून गेली. पारावर आता ते माझ्या शिक्षणाबद्दल बोलत नाहीत, आणि मीही विषय काढत नाही. मागच्या महिन्यात मात्र एकदा जेवताना म्हणाले, "तुझ्याच नावानं टाकू का अर्ज?" मी सांगितले की परवान्याला एकवीस वर्षे पूर्ण लागतात, मी एकोणीसचा आहे. त्यांनी बोटांवर मोजले. "म्हंजी दोन वर्सं. तवर ह्योच निकाल लागंल की."

पुढची तारीख येत्या सोमवारची दिली आहे. ह्या वेळी मी एक छोटा अर्ज टंकून नेतो आहे, तीन ओळींचा : परवाना द्या, देता येत नसेल तर कारणासह नकार द्या, आणि तोवर जमा केलेली बंदूक सरकारजमा करू नका. दोन प्रती आहेत. एकीवर पोच घ्यायची आहे. पोचेचा शिक्का मारणारे बाई दुपारी तीननंतर बसत नाहीत, म्हणून सकाळच्या एस.टी.ने निघणार. इतिहासाचा तास बुडेल. सरांनी हा लेख वाचला असेल तर त्यांनी हजेरीचे बघावे.